पोत्यावरचे नाव

निगडी-प्राधिकरणापासून पिंपळे सौदागरपर्यंत गेल्या काही वर्षांत कॉफीची नवी दुकाने उभी राहिली आहेत. कारखान्यातील पाळी संपवून आलेले अभियंते, कॉलेजची मुले, कधी सुनेबरोबर कुतूहलाने आलेल्या सासूबाई, असे सगळेच तेथे दिसतात. दुकानातील फळीवर कॉफीची पाकिटे ओळीने मांडलेली असतात आणि त्यांवर बारीक अक्षरांत बरीच माहिती छापलेली असते: जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, फळ वाळवण्याची पद्धत आणि मळ्याचे नाव. पुष्कळदा तो मळा एका कुटुंबाचा, थोड्याच एकरांचा असतो.

मराठी घराला कॉफी नवी नाही. खास पाहुणे आले, परीक्षेच्या दिवसांत मुले रात्री जागू लागली, किंवा घरात चहा न पिणारे कोणी असले, की दुधात उकळलेली, भरपूर साखरेची आणि वर जायफळ किसून घातलेली कॉफी होत असे. ती कोठे पिकली आणि कोणी पिकवली, हे मात्र कोणी कधी विचारले नाही. डब्यावर कंपनीचे नाव असे, मळ्याचे नसे. मीठ किंवा साखर घ्यावी तशीच कॉफीही घेतली जाई. म्हणूनच नव्या पाकिटावरील मळ्याचे नाव ही साधी छपाईची बाब नाही. त्या एका ओळीमागे शंभर-दीडशे वर्षांचा व्यापार आहे आणि आज अनेक छोट्या शेतकरी कुटुंबांचे भवितव्यही तिच्यात अडकले आहे.

भारतात कॉफी कशी आली याची कथा कर्नाटकात सर्वांना ठाऊक आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन हे सूफी संत हज यात्रेहून परतताना येमेनमधील मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या रुजवल्या, असे सांगतात. त्या डोंगराला आजही बाबाबुडनगिरी हेच नाव आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी चिकमगळूर, कोडगू, वायनाड, निलगिरी या भागांत मोठे मळे उभे केले. शेजारच्या सिलोनमध्ये तर कॉफी हेच मुख्य पीक होते. १८६९ मध्ये तेथे पानांवर तांबेरा रोग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफीचे मळे उजाड झाले. सिलोन चहाकडे वळला तो तेव्हापासून. भारतातही तांबेरा पोहोचला, पण येथील मळेवाल्यांनी कॉफी सोडली नाही. १९२५ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे संशोधनाचे काम सुरू झाले. तेथे तयार झालेली ‘सिलेक्शन ७९५’ ही अरेबिका जात आजही अनेक छोट्या मळ्यांचा आधार आहे.

दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद पडली आणि मळेवाल्यांवर संकट आले. त्यातून १९४२ चा कॉफी कायदा आला. मळेवाल्याने आपली सारी कॉफी मंडळाच्या एकत्रित साठ्यात जमा करायची, मंडळाने ती विकायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. या ‘पूल’ पद्धतीने छोट्या मळेवाल्याला मोठे संरक्षण दिले. त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते आणि दलालापुढे हात पसरावे लागत नव्हते. पण साठा एकत्र झाला की सगळ्यांचे दाणे एकत्र झाले. काळजीने वेचलेले आणि घाईने ओरबाडलेले दाणे एकाच ढिगात पडू लागले. आकार आणि प्रत पाहून गुण मिळत, मात्र ‘हा दाणा अमक्याच्या मळ्यातला’ ही ओळख ढिगात विरून जाई. खात्यावर रक्कम जमा होत होती, पण त्या नोंदीपुढे मालाचा तपशील नव्हता.

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटापद्धत कोसळली आणि जगभर भाव गडगडले. भारतातही नव्वदच्या दशकात पूल टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि १९९६ पर्यंत मळेवाला आपला माल विकण्यास पूर्ण मोकळा झाला. मोकळा झाला आणि एकटाही पडला. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, रोबस्टाचा लंडनच्या. २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये अरेबिकाचा भाव पौंडाला ५० सेंटच्या खाली गेला होता, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ४ डॉलरच्या वर चढला. एका पिढीच्या आत आठपटींहून अधिक फरक! त्या चढउतारात मळेवाल्याच्या मेहनतीचा वाटा शून्य असतो. ब्राझीलमध्ये पाऊस हुकला की मुडिगेरेच्या पोत्याचा भाव वाढतो आणि तेथे पीक उत्तम आले की पडतो. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ही व्यथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. सकाळी घरून निघताना त्याला वजन माहीत असते, भाव माहीत नसतो.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट म्हणून स्पेशालिटी कॉफीकडे पाहिले जाते. हा शब्दप्रयोग १९७४ मध्ये अमेरिकेतील कॉफी व्यापारी एर्ना नुटसन यांनी एका व्यापारी मासिकात केला. विशिष्ट हवामानात आणि विशिष्ट जागी पिकलेल्या दाण्याला स्वतःची चव असते, तिची वेगळी किंमत व्हावी, असा त्यांचा आशय होता. पुढे त्याला मोजमाप मिळाले. शंभरपैकी ८० किंवा अधिक गुण मिळवणारी कॉफी स्पेशालिटी ठरते.

हे गुण देण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम ३५० ग्रॅम कच्चे दाणे टेबलावर पसरतात. काळा पडलेला, बुरशी लागलेला किंवा आंबलेला एकही दाणा त्यात चालत नाही. तुटलेले, किडीने किंचित टोचलेले, असे किरकोळ दोषही मोजून पाचांपर्यंतच. मग नमुना हलका भाजून, भरड दळून, एका वेळी पाच कपांत ठेवतात. साधारण १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम पूड, पाणी उकळीच्या जरा खाली. चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडायची, वास घ्यायचा आणि पातळ झालेली कॉफी चमच्याने सुरकन ओढून चाखायची. सुगंध, आंबटपणा, गोडवा, भार, मागे रेंगाळणारी चव, प्रत्येकाचे वेगळे गुण. पाच कपांपैकी एकाची चव निराळी लागली तर ‘एकसारखेपणा’चे गुण कापले जातात. चार कप उत्तम होते, हा बचाव तेथे चालत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागून मोटारी आणि स्कूटरचे कारखाने आले आणि आता चाकणमध्ये देशी-परदेशी मोटारगाड्या तयार होतात. या मोठ्या कारखान्यांना लहान सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप भोसरीपासून चाकणपर्यंत पसरली आहेत. एका लॉटमधला एक तुकडा मापात बसला नाही तर अख्खा लॉट परत येतो. ‘रिजेक्शन’ हा शब्द या पट्ट्यातल्या किती घरांत रात्रीच्या जेवणावर सावट टाकून गेला असेल! डोंगरावरचा शेतकरी तीच परीक्षा देतो. फरक इतकाच की त्याचे यंत्र म्हणजे झाड, आणि कच्चा माल म्हणजे पाऊस.

महाराष्ट्रात कॉफी पिकते का, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. त्याचे उत्तर मुक्तागिरीला जाऊन आलेल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. मुक्तागिरीचे दर्शन झाले की परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जाण्याचा बेत बहुतेक यात्रेकरू करतात. अमरावती जिल्ह्यातील हे थंड हवेचे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर, मेळघाटच्या जंगलात आणि गाविलगड किल्ल्याच्या शेजारी आहे. इंग्रजी अमदानीत येथे कॉफी लावली गेली आणि महाराष्ट्रातील कॉफीचे ठिकाण म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. तेथील बाजारात ‘चिखलदऱ्याची कॉफी’ म्हणून पुडी मिळते आणि पर्यटक ती कौतुकाने घरी आणतात. पण लागवडीचे क्षेत्र थोडे आहे आणि एखाद्या छोट्या कुटुंबाचा संसार कॉफीवर कसा चालतो हे तेथे फारसे पाहायला मिळत नाही. ते पाहायचे तर कर्नाटकातील मलनाडमध्येच जावे लागते. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते आणि देशातील कॉफीधारकांपैकी जवळजवळ सगळेच दहा हेक्टरच्या आतले छोटे शेतकरी आहेत.

मलनाडचा रस्ताही यात्रेकरूंच्या पायाखालचा आहे. श्रवणबेळगोळचे दर्शन घेऊन हासन, बेलूर, मुडिगेरे या मार्गाने गाडी कोट्टिगेहारला येते आणि चारमाडी घाट उतरून धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री, कारकळकडे जाते. बेलूर सोडले की दोन्ही बाजूंना कॉफीचे मळे सुरू होतात. वर सिल्व्हर ओक आणि फणसाची उंच सावली, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली डोक्याएवढी कॉफीची झुडपे. गाडीतील बहुतेक मंडळी या पट्ट्यात डुलकी काढतात.

भोसरीतील एका लघुउद्योजकाचे कुटुंब अशाच यात्रेत जानेवारीअखेरीस मुडिगेरेजवळच्या एका छोट्या मळ्यावर रात्रीपुरते उतरले. गृहस्थ तीस वर्षे इंजिनाचे सुटे भाग बनवून चाकणच्या कंपन्यांना पुरवत आलेले. मळा पाच एकरांचा. मालक पासष्टीचे. आसपासचे सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून पाहुणेही तसेच म्हणू लागले. मुलगा बेंगळूरुला संगणकाच्या कंपनीत. मुलगी बी.कॉम. होऊन तीन वर्षे बेंगळूरुला एका लेखापरीक्षकाकडे नोकरी करून घरी परतलेली. अंगणात कॉफी वाळत होती आणि कोठीत पोती रचलेली होती. एका कोपऱ्यात दोन पोती मात्र लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवलेली.

“अण्णा, ही दोन वेगळी का?” पाहुण्यांनी विचारले.

“ते हिला विचारा. माझी अठरा तिकडे आहेत. ही दोन हिची.”

मुलीने सांगितले ते असे. मळ्याच्या वरच्या अंगाला अर्ध्या एकराचा एक तुकडा आहे. अण्णांच्या आईने, तरुणपणी वैधव्य आल्यावर, स्वतः खड्डे खणून तो लावला. झाड लावल्यापासून पहिले पीक हाती यायला तीन-चार वर्षे लागतात. तेवढा काळ तिने मिरीवर आणि दुसऱ्यांच्या मळ्यातील मजुरीवर घर चालवले. घरात त्याला ‘अज्जिय तोट’, म्हणजे आजीचा मळा, म्हणतात. उंची आणि दाट सावली यांमुळे तेथील फळ सावकाश पिकते. सावकाश पिकलेल्या फळात गोडवा अधिक उतरतो. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. त्या फुलाचे लाल फळ व्हायला आठ-नऊ महिने लागतात. पण एका फांदीवरची सगळी फळे एकाच दिवशी लाल होत नाहीत. सगळीकडची रीत अशी की बहुतेक फळे पिकली की एक-दोन फेऱ्यांत झाड मोकळे करायचे, हिरवे-लाल एकत्र. मुलीने त्या तुकड्यात चार फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीत फक्त गडद लाल फळ घेतले. मग पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ फळे काढली, उरलेली जाळीच्या मांडवावर पातळ पसरली आणि बुरशी लागू नये म्हणून दिवसातून अनेकदा हाताने फिरवली. सहाशे किलो फळांतून शंभर किलो दाणा निघाला. दोन पोती.

पहिल्या वर्षी हा उद्योग पुरता फसला होता. जानेवारीत अवेळी पाऊस आला, मांडवावर झाकण नव्हते आणि निम्मी फळे आंबून गेली. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. त्यांनी आंबलेली फळे उचलून झाडांच्या बुंध्याशी खत म्हणून टाकली. यंदा मांडवावर प्लॅस्टिकचे छत होते. नमुना बेंगळूरुच्या एका भाजणीवाल्याकडे गेला, ८४ गुण मिळाले आणि त्याने दोन्ही पोती सांगून ठेवली.

“आणि भाव?” उद्योजकाने नेमका प्रश्न केला.

मुलीने वही आणली. नेहमीच्या मालाला किलोला ५०० रुपये मिळत होते, तिच्या मालाला ८००. शंभर किलोवर तीस हजार अधिक. जादा फेऱ्यांची मजुरी, मांडव, जाळी आणि छत मिळून बावीस हजार. निव्वळ शिल्लक आठ हजार रुपये.

“भाऊ म्हणतो, आठ हजारांसाठी चार महिने?” ती हसून म्हणाली. तिच्या हसण्यात कडवटपणा नव्हता, कारण भाऊ खोटे बोलत नव्हता. एका रिसॉर्टवाल्याने मळ्याला मोठी किंमत सांगितली होती. विकून बँकेत ठेवले तर आईवडिलांना व्याजावर निवांत जगता येईल, हा मुलाचा हिशेब होता. अण्णांनाही तो कळत होता. “मुलगा बरोबर सांगतो,” ते म्हणाले, “पण मुलीचाही वाटा आहे. कायद्याने आहे आणि माझ्या मनानेही आहे. पाचाचे अडीच-अडीच केले तर दोघांनाही पुरत नाही. एकाला सगळे दिले तर दुसऱ्याला काय सांगू?”

थोड्या वेळाने त्यांनीच पाहुण्यांना विचारले, “साहेब, तुमच्या मालावर तुमचे नाव असते का?”

“नाव नसते. व्हेंडर कोड असतो, बॅच नंबर असतो.”

“म्हणजे खोट निघाली तर शोधत येतात. चांगला निघाला तर?”

“चांगला निघाला तर पुढची ऑर्डर येते, अण्णा.”

दोघेही हसले. मग अण्णांनी कोपऱ्यातील पोत्याला शिवलेली चिठ्ठी दाखवली. मुलीने कन्नड आणि इंग्रजी अक्षरांत लिहिले होते: अज्जिय तोट. खाली उंची, जात आणि वेचणीचा महिना. त्यांच्या आईचे नाव सातबारासारख्या कागदावर सुद्धा उशिरा चढले होते. आता ते, तिच्या नात्याच्या रूपाने का होईना, पोत्यावर चढून बेंगळूरुला चालले होते. भाजणीवाल्याने पुढल्या वर्षी असाच माल असेल तर पाच पोती घेईन असे कळवले होते. मांडव आणि जाळी पुन्हा घ्यावी लागणार नव्हती. मळा विकायचा की नाही, याचा निर्णय त्या पाच पोत्यांपर्यंत पुढे ढकलला गेला होता.

भावना बाजूला ठेवून कपाचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. भाजताना दाण्याचे वजन सुमारे सहाव्या हिश्शाने घटते. शंभर किलो कच्च्या दाण्याची साधारण ८३ किलो भाजलेली कॉफी होते. एका कपाला सोळा-सतरा ग्रॅम धरले तर किलोला साठ कप, म्हणजे त्या दोन पोत्यांतून पाच हजार कप. शहरातील दुकानात कप २०० रुपयांचा धरला तर दहा लाखांची विक्री. त्यात मळ्याच्या वाट्याला नेहमीच्या भावाने पन्नास हजार, म्हणजे कपामागे १० रुपये. नाव लागलेल्या मालाला ऐंशी हजार, म्हणजे १६ रुपये. उरलेल्या रकमेत दुकानाचे भाडे, पगार, दूध, वीज, यंत्र, कर, वाया गेलेला माल आणि दुकानदाराचा नफा आहे. त्याला लूट म्हणणे अन्यायाचे होईल. पिंपळे सौदागरमधील गाळ्याचे भाडे ज्याने भरले आहे तो तसे म्हणणार नाही. पण दहाचे सोळा होतात तेव्हा दुकानाला ते जेमतेम जाणवते आणि मळ्याला ते जगण्या-विकण्याइतके जाणवते. मळ्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा मजुरीचा असतो, म्हणून या सहा रुपयांतले काही वेचणाऱ्या बायकांच्या हातीही जातात.

मग शेतकऱ्याने स्वतःच कॉफी भाजून, दळून विकावी, असा सल्ला सहज दिला जातो. कायद्यानेही हा प्रवास टिपला आहे. प्राप्तिकराच्या नियमांत कॉफीपुरता वेगळा नियम आला. त्यानुसार शेतकऱ्याने पिकवून, प्रक्रिया करून कॉफी विकली तर उत्पन्नाचा २५ टक्के भाग व्यापारी उत्पन्न धरला जातो. भाजून, दळून विकली तर ४० टक्के. कपाच्या जितके जवळ जावे तितका शेतकरी व्यापारी होतो, हे करखात्याने नेमके ओळखले आहे. व्यापारी व्हायला भांडवल लागते, वेष्टन लागते, उधारी वसूल करण्याची हातोटी लागते. पाच एकरांच्या प्रत्येक कुटुंबाकडे ती असतेच असे नाही आणि असावी असा आग्रहही धरता येत नाही.

कर्जाची बाजू अधिक नाजूक आहे. भाव पडलेल्या वर्षांत मळा तारण ठेवून घेतलेली कर्जे थकली. शेतजमिनीच्या तारणाला २००२ च्या सरफेसी कायद्यातून सूट आहे. पण कॉफीचा मळा त्या सुटीत बसतो की नाही यावर वाद झाले आणि कर्नाटकातील मळेवाल्यांना लिलावाच्या नोटिसांविरुद्ध दाद मागत फिरावे लागले. अशा वेळी छोट्या मळ्याला तारतो तो मिरीचा वेल. मिरी वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते आणि गरज पडेल तेव्हा विकता येते. मुलीचे लग्न, आजारपण, बँकेचा हप्ता, सगळे तिच्यावर निभावते. मलनाडच्या घरात मिरी म्हणजे मुदतठेव आणि कॉफी म्हणजे चालू खाते.

नाव लागल्याने काय साधते, याची मोठी उदाहरणेही देशात आहेत. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात हजारो आदिवासी कुटुंबे छोट्या-छोट्या तुकड्यांवर कॉफी पिकवतात. सहकार आणि काटेकोर वेचणी यांच्या बळावर त्यांच्या कॉफीला खोऱ्याचे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्या नावाचे दुकान पॅरिसमध्ये उघडले. २०१९ मध्ये अराकू, कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी येथील अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ब्लू टोकाईसारख्या भाजणीवाल्यांनी पाकिटावर मळ्याचे नाव छापण्याचा रिवाज शहरांत रुजवला. ही वाट सगळ्यांना तारेल असे मात्र नाही. पाच एकरांपैकी अर्ध्या एकराचाच माल त्या प्रतीचा निघतो, उरलेला न्यूयॉर्कच्या भावानेच जातो. एक अवेळी पाऊस वर्षाची मेहनत कुजवू शकतो. नावाला मान मिळतो तसे त्याचे ओझेही येते. पुढल्या वर्षी ८४ चे ७९ गुण झाले तर तेच नाव अंगावर येते.

तरीही नाव असण्यात एक गोष्ट आहे जी भावाच्या पलीकडची आहे. ढिगात गेलेल्या मालाची काळजी घेण्याचे कारण माणसाजवळ उरत नाही. शेजाऱ्याने हिरवी फळे ओरबाडली आणि त्यालाही तोच भाव मिळाला, की प्रामाणिकपणा ही केवळ हौस ठरते. नाव लागले की काळजीला पत्ता मिळतो. चांगले केले तर ते कोणापर्यंत पोहोचले हे कळते, आणि घरातील पुढच्या पिढीला ‘हे आपले आहे’ असे म्हणण्याजोगे काही हाती लागते. जमीन वाटली की तुकडे होतात. नाव वाटले तरी पुरे राहते. मुलगा बेंगळूरुला राहून विक्री पाहील, मुलगी मळ्यावर राहून वेचणी पाहील, अशी एखादी मांडणी अण्णांच्या घरात उद्या सुचली, तर ती या नावामुळेच शक्य होईल. सुचेलच, असे आज कोणी सांगू शकत नाही.

कॉफी पिणाऱ्याकडून फार मोठी अपेक्षा नाही. घरी पाकीट आणताना मळ्याचे नाव वाचावे. ते नसेल तर दुकानदाराला विचारावे. आवडलेली कॉफी पुढल्या वर्षीही त्याच मळ्याची मागावी. मागणी टिकली तर भाजणीवाला दोनाची पाच पोती घेतो. जायफळ घालून, दुधात उकळून प्यायची असेल तर तशी प्यावी. दाणा कोणाचा आहे हे ठाऊक असले म्हणजे झाले. आणि चारमाडी घाटाकडे जाताना बेलूर सुटले की गाडीतील मुलांना जागे करावे. खिडकीबाहेर जी झुडपे मागे पळत असतात, त्यांतील प्रत्येक तुकड्याला घरात काहीतरी नाव आहे. ते अजून पोत्यापर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.